कोटाच्या आतलं जाकीट

मला शिवण्यापेक्षा उसवायला जास्त आवडतं. पुंडलिकनगरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझी शिलाई मशीन आहे. शाळेचे गणवेश, ब्लाऊज, पडदे, गाद्यांच्या खोळी, जे येईल ते मी शिवते. पण कुणी बाहेरून आणलेला तयार कोट मापात बसवायला घेऊन आलं की त्या दिवशी बाकीचं काम बाजूला राहतं. कॉलरच्या आत काय घातलंय, अस्तर कुठून पलटवलंय, खांद्याचा उतार कुठं लपवलाय, हे एकेक टाका काढत बघायचं. कपडा उसवला की शिवणाऱ्यानं काय विचार केला ते कळतं. माझ्या या सवयीला माझे मिस्टर हसतात. "हिला कोरं कापड दिलं तरी आत काय हाय ते बघंल," म्हणतात.

मिस्टर शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात भट्टीवर आहेत. घर मूळचं पाचोडकडचं, शेतकऱ्याचं. धाकटे दीर तिकडं मोसंबीची बाग बघतात आणि हे लग्नाच्या आधीपासून नोकरीसाठी इकडं. त्यांच्या भट्टीत ॲल्युमिनिअम वितळवतात. दुधावर साय धरावी तसा वितळलेल्या धातूवर मळीचा थर धरतो आणि तो लांब दांड्याच्या खोऱ्यानं ओढून काढावा लागतो. भट्टीचं दार उघडल्यावर तिच्यासमोर उभं राहायचं तर चांदीसारखा चकाकणारा जाड कोट, तसलीच पँट, डोक्यावरून खांद्यापर्यंत येणारं टोपडं, त्याला पुढं काच, जाड हातमोजे आणि वर बूट, असं सगळं चढवावं लागतं. हे त्यांनी तोंडी सांगितलेलं. मी ते कधी पाहिलं नव्हतं. माझ्या वाट्याला यायची ती त्यांची बनियन. उन्हाळ्यात ती धुवायला घेतली की तिच्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसायच्या, तळ्याचं पाणी आटत जाताना काठावर राहतात तशा, एकीच्या आत एक. मी त्या रेघा बघायची आणि बनियन पाण्यात बुडवायची. त्यापुढं कधी विचार केला नाही.

त्या वर्षी एप्रिलातच ऊन भयंकर तापलं होतं. एका दुपारी गेट वाजलं म्हणून बघितलं, तर मिस्टर पाळी संपायच्या आधीच घरी आलेले आणि त्यांच्यासोबत त्यांच्या टोळीतले सगळ्यांत जुने कामगार. त्यांना आम्ही घरात मामा म्हणतो. मामांनी यांच्या दंडाला धरलं होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"चक्कर आली," मामा म्हणाले. "भट्टीवरून मागं आले अन् टोपडं काढता काढता खाली बसले. कंपनीच्या डॉक्टरनं सलाईन लावलं, तपासलं अन् मग सोडलं. आता बरे हायेत. बोटं तेवढी बघा."

यांच्या उजव्या हाताची बोटं आखडून तळव्याकडं वळली होती. मी एकेक बोट चोळत सरळ करत बसले. सरळ केलेलं बोट सोडलं की पुन्हा हळूहळू आत वळायचं. मिस्टर भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. मामांना पाणी दिलं, लिंबू-मीठ-साखर घालून यांनाही दिलं. ग्लास खाली ठेवून हे बोलले.

"त्या कोटात भट्टीची गरमी लागत नाय एवढी. आपलीच लागते."

"म्हणजे?"

"अंगातली गरमी भाईर जायला जागाच नाय. घाम येतो अन् तिथंच ऱ्हातो."

मला ते वाक्य लागलं आणि त्याच वेळी त्याचं नवलही वाटलं. आग अडवण्यासाठी घातलेला कोट माणसाची स्वतःची आग आत कोंडतो. इतकी वर्षं मी कपडे शिवतेय, पण कपड्यानं काय बाहेर जाऊ द्यायचं, हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. गिऱ्हाईक फक्त फिटिंगचं बोलतं.

दोन-चार दिवसांच्या आरामानंतर हे पुन्हा कामावर जायला लागले. कंपनीत सुरक्षिततेचं काम बघणाऱ्या एक मॅडम होत्या. इंजिनिअर, वयानं लहान, लग्न व्हायचं होतं. ही चक्कर आल्याची गोष्ट त्यांनी मनावर घेतली. वरती बोलून त्यांनी काही जाकिटं मागवली. कोटाच्या आत घालायची, अंग गार ठेवणारी. मी रोज विचारायची, "कसंय जाकीट?" हे म्हणायचे, "खुंटीला हाय."

"घालत नाही?"

"लई जड हाय. अन् थंडबी लागत नाय. वाकलं की सगळं गळ्याशी येतं. पोरं म्हणत्यात, पोतं घेऊन फिरल्यावानी वाटतंय."

मग एक दिवस मॅडमनी सगळ्यांना विचारलं की हे नीट करणारं कुणी शिंपी माहितीत आहे का. मामांनी सांगून टाकलं की यांच्या घरीच शिलाई मशीन आहे. त्या संध्याकाळी हे पिशवीत ते जाकीट घेऊन आले. पिशवी माझ्या हातात देताना म्हणाले, "उसव. पर पुन्हा जोडता आलं पायजे."

मी जेवणं आटोपायचीही वाट बघितली नाही. जाकीट निळं, बिनबाह्यांचं, चांगल्या कापडाचं होतं. पुढं-मागं मोठाले कप्पे आणि कप्प्यांत चपट्या पिशव्या. पिशवी जाड प्लास्टिकची, तिच्या आत पाण्यासारखं पातळ काहीतरी. मिस्टर म्हणाले की फ्रीजमध्ये ठेवलं की हे घट्ट होतं. मी एक पिशवी आमच्या फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी बघितलं तर पांढरीशुभ्र, दगडासारखी झालेली. थंडीच्या दिवसांत खोबरेल तेलाची बाटली होते अगदी तशी.

ती पिशवी हातावर घेऊन मी बसले. बर्फासारखा चटका नव्हता. माठावर हात ठेवल्यासारखा गारवा होता. कडेकडेनं ती वितळत चालली, पण गारवा होता तेवढाच राहिला. मी गणवेशाची काजं करत होते आणि मधूनमधून पिशवीला हात लावून बघत होते. बरीच काजं झाली, पिशवी जवळजवळ सगळी पातळ झाली, तरी तेवढीच गार. आणि शेवटचा पांढरा तुकडा वितळला तशी मात्र भराभर कोमट होत गेली. मला राहवलं नाही. मी यांच्या मोबाईलवरून मॅडमचा नंबर घेतला आणि फोन केला. म्हटलं, मी अमक्यांची मिसेस, आणि माझा एक प्रश्न आहे.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काकू, रविवारी येऊ का घरी? फोनवर नाही सांगता येणार."

त्या आल्या. चहा ठेवते म्हटलं तर ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या आणि तिथंच शिकवायला लागल्या. "तूप थिजलेलं असतं ना, ते विरघळायला गरमी लागते. ती गरमी ते कुठून घेतं? आजूबाजूनं. जोवर सगळं विरघळत नाही तोवर ते गरमी पीत राहतं आणि स्वतः तापत नाही. इथं आजूबाजूला तुमच्या मिस्टरांचं अंग आहे."

"मग बर्फच का नाही? तो तर जास्त गार."

"घालून बघा," मॅडम म्हणाल्या. "थोडाच वेळ, आणि कापडात गुंडाळून."

पुढचे काही दिवस मी तेच केलं. पण बर्फाच्याही आधी माझ्या डोक्यात कूलर आला. ओल्या गवतातून वारा आला की गार होतो, मग ओलं कापडच अंगात घातलं तर काय बिघडलं, असा माझा हिशोब. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नसतो. ड्रमातलं पाणी जपून काढलं, एक जुना कुडता भिजवून पिळून अंगात घातला आणि वरून मिस्टरांचा रेनकोट चढवून गुंड्या लावल्या. भर दुपारी गच्चीवर जाऊन वाळवणाच्या दांडीखाली उभी राहिले. पहिले काही क्षण छान गेले. मग आत वाफ धरायला लागली. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं झालं. कुडता ओलाच होता, पण गार नव्हता, अंगापेक्षाही गरम वाटायला लागला. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या वहिनी माझ्याकडं बघत होत्या. एप्रिलच्या उन्हात रेनकोट. त्यांनी विचारलं, "अहो, बरं नाही का?" मी म्हटलं, "बघतेय जरा." याहून जास्त मला काही सांगता आलं नाही.

मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात कूलर लावून बघता का तुम्ही?"

मला लगेच समजलं. आषाढात कूलर लावला की खोली नुसती दमट होते. पाणी सुकलं तरच गार करतं आणि रेनकोटच्या आत ते सुकायला जागाच नसते. भट्टीच्या कोटातही तेच.

बर्फाचंही करून बघितलं. कापडात गुंडाळून पोटाला आणि पाठीला बांधला, वर रेनकोट. आधी अंगावर काटा आला, मग तिथली कातडी बधिर झाली. बाहेरून बधिर, पण आतून गरम वाटणं काही कमी होईना. शिवाय बर्फाचं पाणी गळून परकर भिजला. मॅडम म्हणाल्या, फार गार लागलं की कातडी आपली दारं लावून घेते. रक्त आतच राहतं आणि आतली गरमी बाहेर यायला वाट मिळत नाही. म्हणून हे मधलं, बेताचं गार. माणसाला कुडकुडवायचं नसतं, त्याच्या अंगातली गरमी हळूहळू काढून घ्यायची असते. मी म्हटलं, म्हणजे भांडून नाही, गोडीनं काढून घ्यायची. त्यावर मात्र मॅडम हसल्या.

आता प्रश्न उरला तो जाकिटाचा, आणि तो माझा होता. पिशव्या चांगल्या होत्या, त्यांना मी हात लावणार नव्हते. बिघाड होता तो कप्प्यांत आणि मापात. जाकीट आडव्या अंगाच्या माणसासाठी बेतलेलं आणि आमची भट्टीवरची मंडळी शिडशिडीत. पिशवी अंगाला टेकतच नव्हती, लोंबत होती. मधे हवा राहिली की गारवा अंगापर्यंत पोहोचत नाही. चमचा तोंडाजवळ नेऊन जेवल्यासारखं करावं तसं ते चाललं होतं.

मी मिस्टरांना उभं करून मापं घेतली आणि जाकीट आवळलं. हे घालून गेले आणि परत आले ते तोंड पाडून.

"काखंत रुततंय. अन् वाकलं की पाठीचं वर सरकतंय."

"वाकता कसे, दाखवा."

"आता घरात काय दाखवू."

"झाडू घ्या नि दाखवा."

हे संकोचले. दार लोटून घेतलं, झाडूचा दांडा हातात धरला आणि भिंतीतल्या कोनाड्याला भट्टीचं दार समजून उभे राहिले. मी आत्तापर्यंत त्यांना जेवताना, झोपताना, गाडी पुसताना बघितलं होतं. काम करताना पहिल्यांदा बघत होते. एक पाय पुढं, गुडघा मोडलेला, कमरेतून वाकून दोन्ही हात लांब, मग सगळं अंग मागं टाकून ओढ घेणं. पुन्हा पुढं. पाठ इतकी ताणली जात होती की मानेपासून कमरेपर्यंतचं माप उभं असतानाच्या मापाहून चांगलं चार बोटं जास्त भरलं. छाती मात्र आवळली जात होती. आणि दमल्यावर श्वास घेताना बरगड्या केवढ्या फुगतात, तेही धरायला हवं होतं. मी त्यांना तसंच वाकवून ठेवून टेप लावत होते आणि हे म्हणत होते, "झालं का? कंबर धरली."

मी जाकीट पूर्ण उसवलं. पाठ एका तुकड्याची ठेवली नाही. वरच्या आणि खालच्या भागात ताणलं जाणारं बनियनचं कापड घातलं, म्हणजे वाकल्यावर ते उघडेल आणि पिशव्या जागेवर राहतील. मोठ्या कप्प्यांऐवजी छोटे कप्पे केले, त्यात छोट्या पिशव्या. तशा पिशव्या मॅडमनी मागवून दिल्या. बाजूंना चेन न लावता जुन्या बाराबंदीसारखे बंद लावले. प्रत्येकानं आपल्या अंगाप्रमाणं आवळून घ्यावं आणि टोक ओढलं की गाठ एकदम सुटावी. काही झालं तर जाकीट झटकन उतरलं पाहिजे, हे मॅडमनी आधीच बजावलं होतं.

तयार जाकीट बघायला मॅडम आल्या. त्यांनी ते आतून-बाहेरून बघितलं, बंद ओढून बघितले आणि विचारलं, "काकू, दोरा कुठला वापरलाय?"

मी कापड सुती बघून घेतलं होतं. दोरा नेहमीचाच, पॉलिस्टरचा. मॅडमनी माझ्याच रिळाचा एक तुकडा तोडून काडेपेटीनं पेटवला. तो जळला नाही, आकसत गेला आणि टोकाला काळा गरम मणी झाला. "हा कातडीला चिकटला तर निघत नाही," त्या म्हणाल्या. कापड ओळखायला दोरे जाळून बघणं मला नवीन नव्हतं. पण त्या कारखान्यात तोच मणी माणसाच्या पाठीवर होऊ शकतो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पुन्हा सगळं उसवलं. यावेळी उसवताना मजा आली नाही. सुती दोरा लवकर तुटतो, म्हणून दुहेरी शिवण घातली.

त्यानंतर मॅडमनी मला कारखान्यात बोलावलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी शेंद्र्याला फाट्यावरून पुढं गेलेच नव्हते. गेटवर डोक्याला टोपी, डोळ्यांना चष्मा, पायात जड बूट दिले. आधी एका बाजूच्या खोलीत, भट्टीपासून लांब, मॅडमनी मला तो कोट घालून बघू दिला. मीच मागितला होता. टोपडं डोक्यावरून आलं आणि बाहेरचा आवाज बसला. माझा स्वतःचा श्वास मला मोठ्यानं ऐकू यायला लागला. पंख्याखाली उभी होते तरी घाम मानेवरून निघून पाठीच्या पन्हाळीतून खाली उतरत गेलेला समजत होता आणि तो पुसायला हात आत नेता येत नव्हता. काचेतून फक्त समोरचं दिसत होतं. मी मॅडमना खूण केली आणि त्यांनी टोपडं काढलं. खोलीतली साधी हवा मला तेव्हा माठातल्या पाण्यासारखी लागली.

मग पिवळ्या पट्ट्याच्या मागं उभं राहून भट्टी बघितली. दार वर सरकलं आणि आतून पांढरट केशरी उजेड आला. दोन चंदेरी माणसं पुढं झाली. दोघं एकसारखे, चेहरा नाही, नाव नाही. त्यातले आपले कोण ते मला कळेना. मी मापांवरून ओळखायला बघत होते, पण त्या कोटात माप राहतच नाही. मग एकानं डावा पाय पुढं टाकला, गुडघा मोडला आणि अंग मागं टाकून ओढ घेतली. कोनाड्यासमोर झाडू घेऊन घेतली होती तशीच. मला गलबलून आलं.

हे बाहेर आले, कोट उतरवला, बंद ओढला, जाकीट मोकळं झालं. मी पुढं होऊन पाठीला हात लावला. बनियन ओली होती, पण अंग तापलेलं नव्हतं.

"कसं वाटतंय?"

"पाठीला बरं हाय," हे म्हणाले. मग टोपडं दाखवत म्हणाले, "डोक्याचं काय करायचं?"

डोक्याचं आजपर्यंत मला नीट जमलेलं नाही. मानेसाठी एक पट्टी केली, ती काहींना आवडते. टोपड्यात पिशवी घातली की वजनानं मान दुखते.

त्या आठवड्यात बाकीची जाकिटंही माझ्याकडं आली. मी प्रत्येकाला घरी बोलावून वाकवून माप घेतलं. मामा आले, त्यांनी झाडू हातात घेतानाच सांगितलं, "आमच्या कारभारणीला कळू देऊ नका, घरीबी हातात झाडू द्यायची." सगळ्यांची जाकिटं झाली. मी खुशीत होते. आल्या-गेल्या गिऱ्हाइकांना न विचारता सांगायची.

मे संपता संपता मिस्टरांची बनियन धुवायला घेतली आणि तिच्यावर पुन्हा पूर्वीसारख्या पांढऱ्या रेघा दिसल्या. जेवताना मी विचारलं, "जाकीट फाटलं का?"

"नाय."

"मग घालत नाही का?"

हे भाकरी मोडत राहिले. "तुझं जाकीट चांगलं हाय म्हणूनच घालत नाय कुणी."

मला समजेना. मग त्यांनी सांगितलं. भट्टीसमोर किती वेळ थांबायचं आणि मग किती वेळ सावलीत बसायचं, हे ठरलेलं असतं. जाकीट आल्यावर त्यांच्या पाळीचे साहेब म्हणायला लागले की आता गार जाकीट आहे ना, मग एक खेप आणखी मारा, बसायला कशाला जाता. एकदा मारली, दोनदा मारली, मग तीच रीत व्हायला लागली. एके दिवशी मामांनी जाकीट काढून खुंटीला टांगलं आणि कोट नुसता घातला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनीच टांगलं.

"मॅडमला सांगितलं का?"

"साहेबाची तक्रार कोण करंल? अन् तूबी बोलू नगं."

एखादं जाकीट चांगलं झालं की माणसाला जास्त वेळ आगीत उभं करता येतं, ही बाजू मी कधी पाहिलीच नव्हती. मी सगळा विचार कापडाचा केला होता. तिसऱ्या दिवशी मॅडम मानेच्या पट्ट्या न्यायला आल्या. मी तक्रार केली नाही. फक्त विचारलं, "मॅडम, जाकीट घातलं की माणूस भट्टीसमोर किती जास्त वेळ थांबू शकतो?"

त्या पट्ट्या मोजत होत्या. त्यांचा हात थांबला. "हे तुम्हाला कुणी विचारायला सांगितलं?"

"कुणी नाही. मला पडलेला प्रश्न आहे. पडतात मला, तुम्हाला ठाऊक आहे."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "बरोबर प्रश्न आहे."

पुढं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. मॅडम काही दिवस स्वतः भट्टीजवळ बसल्या. माणूस बाहेर आला की त्याच्या कानात छोटा थर्मामीटर लावायच्या, नाडी बघायच्या. जाकीट घालून आणि न घालता, दोन्ही. जाकीट असलं तरी अंग तापतच होतं, फक्त सावकाश तापत होतं. जास्तीची खेप मारली की ते सावकाश तापलेलं अंगही पहिल्याइतकंच तापायचं, आणि माणसाला ते कळायचं नाही, कारण पाठीला गार लागत असायचं. मॅडम म्हणाल्या की हे तर उलट जास्त धोक्याचं. त्या पाळीच्या साहेबांशी त्यांचं चांगलंच वाजलं म्हणे. साहेब वाईट नव्हते, त्यांच्यावरही माल काढायची घाई असायची. शेवटी वरून ठरलं की जाकीट असो नसो, सावलीत बसायचा वेळ तोच राहील. भिंतीवर तशी पाटी लागली.

मिस्टरांनी मला कधी विचारलं नाही की तू बोललीस का. पण पाटी लागली त्या संध्याकाळी त्यांनी कोपऱ्यावरून माझ्या आवडीची खारी आणली. मामांनी जाकीट पुन्हा घातलं. सगळ्यांनी नाही घातलं, दोघं-तिघं अजूनही म्हणतात की ओझं वाटतं. त्यांच्यावर कुणी जबरदस्ती करत नाही. यांना त्यानंतर चक्कर आलेली नाही. बोटं अधूनमधून आखडतात, पाणी कमी प्यायलं की.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही पाचोडला गेलो होतो. मॅडमनी मला एक जुनी पिशवी दिली होती, कोपरा दुमडल्यामुळं कंपनीत चालत नव्हती, पण गळत नव्हती. ती मी बरोबर नेली. धाकटे दीर त्या सकाळी बागेत औषध फवारून आले. अंगात प्लास्टिकचा रेनकोट होता, पण बटणं सगळी उघडी.

"भाऊजी, उघडा का ठेवता? औषध अंगावर उडतं ना?"

"वहिनी, लावून बघा तुम्ही. उकडून मरायची पाळी येती. अर्धी टाकी झाली की उघडावाच लागतो."

मला ते लावून बघायची गरज नव्हती. मी पिशवी दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन हलवली, उजेडाकडं धरली. सगळी पातळ होती, प्रवासात वितळलेली.

"हिला फ्रीज लागतो," मी म्हटलं.

"आमच्या फ्रीजला लाईट लागती," ते म्हणाले. "ती कधी असती कधी नसती. हिरीत थिजंल का?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं, आणि मॅडमलाही मी विचारलं नव्हतं. विहीर जवळच होती. दिरांनी कांद्याच्या जाळीच्या गोणीत पिशवी आणि एक दगड घातला, दोरीला बांधून खाली सोडली. उन्हाळ्याचं पाणी तळाशी गेलेलं. दोरी पुरेना म्हणून दुसरी जोडली. मिस्टर काठावर उभे राहून म्हणाले, "आता हे दोघं मिळून हीर उसवत्यात."

जेवणं करून आम्ही ती वर ओढली. दिरांनी गोणी फाडलीच जवळजवळ. पिशवीच्या चारी कडा पांढऱ्या झाल्या होत्या, मधे मात्र पाणीच होतं. बोटानं दाबलं की मधलं हलायचं आणि कडा कडक लागायच्या.

"अर्धं झालं की," दीर म्हणाले आणि त्यांनी ती पिशवी मानेवर ठेवून बघितली. डोळे मिटले. बराच वेळ ठेवली.

परत आल्यावर मी मॅडमना फोन करून सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या, मग म्हणाल्या, "काकू, पिशवी पाण्यात किती खोल होती? तळाला टेकली होती का मधेच होती? खालचं पाणी जास्त गार असतं."

मला ते ठाऊक नव्हतं. त्यांचा फोन ठेवला आणि दिरांना लावला.